टाइम-ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमधील प्रवेशाधिकार: कोणाला द्यावेत, किती द्यावेत आणि केव्हा काढून घ्यावेत

कामाच्या तासांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर घेतले की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी सर्व कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते एका चौकटीत चिकटवून आमंत्रणे पाठवली जातात. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या घाईतून निघतात: एका पर्यवेक्षकाला भलत्याच विभागाचे तास दिसतात, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते चालू राहते आणि पगार निघण्याच्या आदल्या दिवशी एखाद्या टीमची टाइमशीट (कामाच्या तासांची भरलेली पत्रके) मंजूर करणारे कोणी उरलेलेच नसते. ज्यांच्याकडे हे काम येते, त्या मनुष्यबळ, पेरोल किंवा आयटी विभागातील व्यक्तींसाठी पुढील क्रम दिला आहे. सॉफ्टवेअर बदलले तर बटणांची नावे बदलतील. टप्प्यांचा क्रम मात्र तोच ठेवावा. यांतील पहिले चार टप्पे सॉफ्टवेअरमध्ये काहीही न भरता पूर्ण करायचे आहेत.

## टप्पा १: तीन निर्णय एकमेकांपासून वेगळे करावेत

प्रवेश देणे हा वरवर एक निर्णय दिसतो, पण त्यात तीन निर्णय गुंतलेले असतात. पहिला, कोणाच्या कामाच्या तासांची नोंद व्हायची आहे. दुसरा, कोणाला स्वतःचे लॉगिन हवे आहे. तिसरा, कोणाला इतरांची नोंद पाहता, बदलता किंवा मंजूर करता आली पाहिजे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच व्यक्तीच्या बाबतीतसुद्धा वेगवेगळी असू शकतात.

उदाहरणार्थ, प्रवेशद्वाराजवळच्या सामाईक टॅबलेटवर पिन टाकून हजेरी लावणाऱ्या कामगाराची नोंद होते, परंतु त्याला हजेरी लावण्यासाठी ईमेलवर आधारित लॉगिनची गरज नसते. पेरोल सांभाळणाऱ्या व्यक्तीला सर्वांचे मंजूर झालेले तास दिसावे लागतात, पण ते बदलण्याचे तिला कारण नाही. संचालकांना महिन्याचा एकत्रित अहवाल पुरतो. त्यांचे स्वतःचे तास बहुधा मोजलेच जात नाहीत. बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेल्या माणसाची नोंद होते, त्याला लॉगिनही लागते, मात्र त्याला फक्त स्वतःचा प्रकल्प दिसला पाहिजे.

म्हणून एका साध्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे तीन रकाने करावेत: नोंद हवी का, लॉगिन हवे का, आणि इतरांच्या नोंदींवर कोणता अधिकार हवा. तिसऱ्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून भागत नाही. ‘पाहणे’, ‘बदलणे’, ‘मंजूर करणे’ यांपैकी काय आणि कोणत्या टीमपुरते, हे शब्दांत लिहावे. हा तक्ता पुढील प्रत्येक टप्प्यात लागणार आहे.

दक्षता: स्वतःची नोंद पाहण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाकारू नये. ज्याला लॉगिन दिलेले नाही, त्यालाही टॅबलेटवर किंवा छापील स्वरूपात त्याचे तास पाहता आले पाहिजेत. कामाचे तास मोजणारी व्यवस्था वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कर्मचाऱ्याला उपलब्ध असावी, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ च्या निकालात सांगितले आहे. तो निकाल लागू नसलेल्या देशांतही हा दंडक पाळण्याजोगा आहे, कारण आपली नोंद ज्याला वेळेवर दिसते तो चूक त्याच आठवड्यात दाखवून देतो. ज्याला दिसत नाही त्याला ती थेट पगार हातात आल्यावर कळते.

## टप्पा २: कर्मचाऱ्यांची यादी शुद्ध करावी

सॉफ्टवेअरमध्ये भरायची यादी विभागप्रमुखांच्या आठवणीतून किंवा ईमेल ग्रुपवरून तयार करू नये. ज्या यादीवरून पगार निघतो, ती यादी आधार धरावी आणि उरलेल्या याद्या तिच्याशी ताडून पाहाव्यात. प्रत्येकाची ओळख कर्मचारी क्रमांकाने ठरवावी. नावे सारखी असू शकतात, आडनाव बदलू शकते, ईमेल पत्ता दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. क्रमांक मात्र त्या माणसाचाच राहतो.

यादी बहुधा एक्सेलमध्ये तयार होते आणि सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चढवली जाते. या एवढ्याशा प्रवासात तीन ठिकाणी माहिती बिघडते आणि तिन्ही बिघाड सहज नजरेतून सुटतात.

पहिला बिघाड क्रमांकांचा. ००४१७ हा कर्मचारी क्रमांक असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली, की सुरुवातीची शून्ये गळून ४१७ उरते. फाइल पुन्हा सेव्ह केली की बदल कायमचा होतो, आणि सॉफ्टवेअर ४१७ ला नवा कर्मचारी समजून दुसरे खाते तयार करते. हा रकाना फाइल आयात करतानाच ‘टेक्स्ट’ प्रकाराचा ठरवावा.

दुसरा बिघाड तारखांचा. ०४/०५ याचा अर्थ काही संगणक ४ मे घेतात, तर काही ५ एप्रिल. रुजू होण्याची तारीख महिनाभर मागेपुढे झाली की रजेचा हिशेब चुकतो. तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहावी. सॉफ्टवेअरने वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळावा.

तिसरा बिघाड देवनागरीतील नावांचा. फाइल यूटीएफ-८ प्रकारात (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केली नाही, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक अक्षरे येतात. एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा स्वतंत्र पर्याय आहे, तोच निवडावा.

पडताळणी: फाइल चढवण्यापूर्वी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. एक्सेलमध्ये जे दिसते ते सजवलेले असते. नोटपॅडमध्ये जे दिसते तेच सॉफ्टवेअरला मिळणार असते. एकूण ओळी मोजाव्यात, पेरोलमधील संख्येशी जुळवाव्यात आणि एकच क्रमांक किंवा एकच ईमेल दोनदा आला आहे का, हे तपासावे.

## टप्पा ३: रोल कागदावर ठरवावेत

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिन, मॅनेजर आणि साधा वापरकर्ता असे तयार रोल (म्हणजे ठरावीक अधिकारांचे संच) असतात, आणि ते जसेच्या तसे वापरण्याकडे कल असतो. अडचण अशी, की ‘मॅनेजर’ या रोलमध्ये नेमके काय येते हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असते. एका ठिकाणी मॅनेजरला फक्त मंजुरी देता येते, दुसऱ्या ठिकाणी त्याला टीममधील कोणाचेही तास बदलता येतात, तर तिसऱ्या ठिकाणी माणसाच्या ताशी पगाराचा दरसुद्धा दिसतो. नावावर न जाता अधिकारांची यादी उघडून एकेक ओळ वाचावी.

साधारणतः पाच रोल पुरतात. कर्मचारी स्वतःचे तास भरतो व पाहतो. मंजुरी देणारा आपल्या टीमचे तास पाहतो, मंजूर करतो किंवा कारण लिहून परत पाठवतो. पेरोलचा रोल मंजूर तास पाहतो आणि निर्यात करतो. अहवाल पाहणारा फक्त एकत्रित आकडे पाहतो. ॲडमिन खाती, रोल आणि सेटिंग सांभाळतो. यापेक्षा जास्त रोल करायचेच असतील, तर प्रत्येक नव्या रोलसाठी ‘आधीच्या कोणत्या रोलने हे काम होत नाही’ याचे उत्तर लेखी असावे. एकेका माणसासाठी वेगळा रोल तयार करण्याची सवय लागली, की कोणाला काय दिसते हे वर्षभराने कोणालाही सांगता येत नाही.

तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

पहिली, कोणीही स्वतःचे टाइमशीट स्वतः मंजूर करू नये. हे सर्वांना मान्य असते, पण ॲडमिनच्या बाबतीत विसरले जाते. ॲडमिनला सर्व अधिकार असल्यामुळे अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो स्वतःचे तासही मंजूर करू शकतो. ही सोय सेटिंगमधून बंद होत असेल तर बंद करावी, होत नसेल तर ॲडमिनचे स्वतःचे दैनंदिन काम वेगळ्या साध्या खात्यातून चालवावे.

दुसरी, तास बदलणारा आणि पगार काढणारा एकच नसावा. छोट्या कार्यालयात माणसे कमी असतात आणि हे शक्य होत नाही, तेव्हा निदान प्रत्येक बदलाची सूचना तिसऱ्या व्यक्तीला आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी.

तिसरी, पूर्ण अधिकाराचे ॲडमिन किमान दोन असावेत आणि त्यांची संख्या फार वाढू देऊ नये. एकच ॲडमिन असेल तर तो रजेवर गेल्यावर सर्व काम अडते. पाच-सहा असतील तर कोणी काय बदलले याची जबाबदारी निश्चित होत नाही.

दक्षता: स्क्रीनशॉट, ठिकाणाचा मागोवा किंवा चेहऱ्याचा फोटो अशा सोयी सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर ती माहिती पाहण्याचा अधिकार मंजुरीच्या अधिकारासोबत आपोआप मिळतो का, हे आवर्जून पाहावे. तास मंजूर करण्यासाठी माणसाचा दिवसभराचा प्रवास दिसण्याची गरज नसते. काय नोंदवले जाते आणि ते कोण पाहतो, हे कर्मचाऱ्यांना आधी लेखी कळवावे आणि मगच सोय सुरू करावी.

## टप्पा ४: टीमची रचना आणि पर्यायी मंजुरीदार

अधिकार एकेका नावाला न देता टीमला जोडावेत, म्हणजे नवा माणूस त्या टीममध्ये आला की त्याचे तास योग्य व्यक्तीकडे आपोआप जातात. रचना करताना संस्थेचा अधिकृत तक्ता जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. कागदावर ज्याचे नाव वरिष्ठ म्हणून आहे, त्याला कधीकधी माणूस कोणत्या शिफ्टला आला हेही माहीत नसते. ज्याने काम प्रत्यक्ष पाहिले, त्याच्याकडे पहिली मंजुरी असावी.

प्रत्येक मंजुरीदारासाठी एक पर्यायी मंजुरीदार याच टप्प्यात नेमावा. पर्यायी व्यक्तीला अधिकार कायमचा द्यायचा की फक्त रजेच्या तारखांपुरता, हे सॉफ्टवेअरमध्ये काय शक्य आहे त्यावर ठरते. तारखांपुरता देता येत असेल तर तसाच द्यावा. आणि दोघे एकमेकांचे पर्यायी असतील, तर दोघांना एकाच वेळी रजा मिळणार नाही याची नोंद रजा मंजूर करणाऱ्याकडे असावी.

पडताळणी: टप्पा १ मध्ये केलेल्या तक्त्यातील प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारावे: याचे तास कोण मंजूर करतो, आणि तो नसेल तर कोण? जिथे उत्तर मिळत नाही, तिथे पगाराच्या आठवड्यात अडचण येणार हे नक्की. मंजुरीदारांच्या स्वतःच्या नावांबाबतही हाच प्रश्न विचारावा. टीमच्या सर्वांत वर असलेली व्यक्ती बहुतेक वेळा यातून सुटते.

## टप्पा ५: आत येण्याची पद्धत

संस्थेत सिंगल साइन-ऑन (एकाच मुख्य खात्याने सर्व सॉफ्टवेअरमध्ये आत येण्याची सोय) असेल तर तेच वापरावे. एका ठिकाणी खाते बंद केले की सगळीकडचे नवे लॉगिन बंद होते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण सिंगल साइन-ऑन चालू केल्यावर जुना पासवर्ड टाकून आत येण्याची वाटही बंद केली पाहिजे. ती सेटिंग बहुधा वेगळी असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. दोन्ही वाटा खुल्या राहिल्या, तर मुख्य खाते बंद झालेला माणूस जुन्या पासवर्डने आत येऊ शकतो. आणीबाणीसाठी एकच ॲडमिन खाते पासवर्डवर ठेवावे, त्याला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा, उदाहरणार्थ फोनवरील कोड, मागणारी पडताळणी) लावावे आणि त्याचा वापर झाला की दुसऱ्या ॲडमिनला सूचना जाईल अशी व्यवस्था करावी.

सिंगल साइन-ऑन नसेल, तर ॲडमिन, पेरोल आणि मंजुरी देणाऱ्यांसाठी टू-फॅक्टर सक्तीचे करावे. ऑथेंटिकेटर ॲपमधील (असा कोड तयार करणाऱ्या फोनवरील ॲपमधील) कोड सर्वसाधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावर चालतो. कोड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर फोनची वेळ आपोआप ठरवण्याची सेटिंग आधी तपासावी.

सामाईक टॅबलेटवर पिन वापरायचा असेल, तर पिन सॉफ्टवेअरलाच तयार करू द्यावा. स्वतः निवडायला सांगितले की लोक जन्मवर्ष किंवा कर्मचारी क्रमांकाचे शेवटचे आकडे निवडतात, आणि शेजारच्याची हजेरी लावून देणे सोपे होते. त्या टॅबलेटवर ॲडमिनने स्वतःचे खाते कधीही उघडू नये. दुरुस्तीसाठी उघडले आणि बंद करायचे राहिले, तर पुढे येणारा प्रत्येक जण ॲडमिन असतो.

खाते तयार करताना टाइम झोन हा रकाना मूळ सेटिंगवर सोडून देऊ नये. रात्रपाळीच्या माणसाचा टाइम झोन चुकला, की त्याची शिफ्ट भलत्या तारखेत पडते, ओव्हरटाइमचा हिशेब बिघडतो आणि प्रवेशाची मुदतही चुकीच्या वेळी सुरू होते किंवा संपते.

## टप्पा ६: आधी एका टीमवर चाचणी, नंतर आमंत्रणे

आता सॉफ्टवेअर उघडावे. सेटिंग, मग रोल, मग टीम, मग मंजुरीदारांची खाती आणि सर्वांत शेवटी कर्मचाऱ्यांची खाती, असा क्रम ठेवावा. कर्मचारी आधी आणि मंजुरीदार नंतर, असे झाले तर पहिल्या आठवड्याचे तास कोणाकडेच जात नाहीत किंवा सगळेच्या सगळे ॲडमिनकडे येऊन पडतात.

पहिल्यांदा एकच टीम घ्यावी आणि तिचे एक पूर्ण पगारचक्र होऊ द्यावे. तास भरणे, परत पाठवणे, दुरुस्त करणे, मंजूर करणे, कालावधी लॉक करणे (त्यात पुढे सहज बदल होऊ न देणे) आणि पेरोलमध्ये निर्यात करणे हे सर्व प्रत्यक्ष घडले पाहिजे. त्याच काळात प्रत्येक रोलचे एकेक चाचणी खाते उघडून जे दिसू नये ते दिसते का, हे पाहावे. जे दिसायला हवे ते सर्व जण तपासतात. जे दिसू नये ते फार थोडे जण तपासतात. अहवालांचा भाग विशेष नीट पाहावा, कारण टाइमशीटच्या पानावर लपवलेली दुसऱ्या टीमची माहिती अहवालाच्या फिल्टरमधून बाहेर येऊ शकते. काम संपल्यावर चाचणी खाती बंद करावीत.

आमंत्रणे टीमवार पाठवावीत आणि त्यापूर्वी आमंत्रण कोणत्या पत्त्यावरून येईल, हे मंजुरीदारांमार्फत कळवावे. आमंत्रणाच्या लिंकला बहुधा मुदत असते. मुदत संपल्यावर नवे खाते तयार न करता तेच आमंत्रण पुन्हा पाठवावे.

दक्षता: ‘या ईमेल डोमेनवरील कोणीही आत येऊ शकेल’ अशी सोय चालू असल्यास ती बंद करावी. प्रशिक्षणार्थी, बाहेरचे सल्लागार आणि सामाईक मेलबॉक्स या सर्वांकडे तेच डोमेन असते.

## टप्पा ७: बदली, बढती आणि दीर्घ रजा

नवा माणूस येतो तेव्हा सर्वांचे लक्ष असते आणि माणूस जातो तेव्हाही असते. माणूस संस्थेतच इकडून तिकडे जातो तेव्हा कोणाचेच नसते. बदलीच्या वेळी नवा अधिकार लगेच दिला जातो, कारण त्याच्याविना काम अडते. जुना अधिकार काढला जात नाही, कारण तो राहिल्याने कोणाचे काही अडत नाही. दोन-तीन बदल्यांनंतर त्या माणसाला अर्ध्या संस्थेचे तास दिसत असतात. म्हणून बदलीच्या अर्जातच ‘कोणता अधिकार द्यावा’ आणि ‘कोणता अधिकार काढावा’ असे दोन रकाने ठेवावेत आणि दुसरा रकाना कोरा असेल तर अर्ज परत पाठवावा.

बदल कोणत्या तारखेपासून लागू होतो, हे त्याहून नाजूक आहे. काही सॉफ्टवेअर टीम बदलताच माणसाच्या मागच्या सर्व नोंदीही नव्या टीमखाली दाखवतात. नव्या वरिष्ठाला जुने तास दिसू लागतात आणि जुन्या विभागाचे आधी पाठवलेले अहवाल आता वेगळे आकडे देतात. हे टाळण्यासाठी आधीचा पगार कालावधी मंजूर करून लॉक करावा आणि टीमबदल नव्या कालावधीच्या पहिल्या दिवसापासून करावा. बदली कालावधीच्या मध्येच होत असेल, तर जुन्या मंजुरीदाराकडून त्या दिवसापर्यंतचे तास आधी मंजूर करून घ्यावेत.

दीर्घ रजेवरील व्यक्तीचे खाते निष्क्रिय करण्यापूर्वी रजेची शिल्लक त्याच खात्यावर मोजली जाते का, ते पाहावे. निष्क्रिय खात्यावर काही ठिकाणी रजा जमा होणे थांबते. तसे असेल तर खाते चालू ठेवून फक्त स्मरणपत्रे बंद करावीत आणि मंजुरीचा अधिकार असल्यास तो पर्यायी व्यक्तीकडे द्यावा.

## टप्पा ८: नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश काढणे

या टप्प्यात क्रम चुकला तर नुकसान दोन्हीकडे होते. खाते लवकर बंद केले तर त्या माणसाचे शेवटचे तास अर्धवट राहून त्याचा हिशेब अडतो, आणि उशिरा बंद केले तर बाहेरच्या माणसाच्या हाती आतली माहिती राहते.

१. शेवटचा दिवस आणि वेळ लेखी निश्चित करावी. रात्रपाळी असेल तर शिफ्ट दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. खाते मध्यरात्री आपोआप बंद होईल अशी तारीख टाकली, तर त्या माणसाला बाहेर पडण्याची नोंदच करता येत नाही.

२. चालू टायमर थांबवून घ्यावा. टायमर चालू असताना खाते निष्क्रिय केले, तर काही सॉफ्टवेअरमध्ये तो तसाच चालत राहतो आणि काही दिवसांनी एकाच नोंदीत अशक्य इतके तास दिसतात.

३. उरलेले तास आणि रजा भरून घेऊन टाइमशीट सादर व मंजूर करून घ्यावे. निष्क्रिय खात्यावरील मसुदा नंतर सादर करता येत नाही, असा अनुभव अनेकदा येतो.

४. जाणारी व्यक्ती मंजुरीदार असेल, तर तिची टीम आणि तिच्याकडे पडून असलेली टाइमशीट नव्या मंजुरीदाराकडे वळवावीत आणि ती त्याला प्रत्यक्ष दिसत आहेत, हे त्याच्याच स्क्रीनवर पाहावे.

५. जाणारी व्यक्ती ॲडमिन असेल, तर तिच्या नावावर चालणारे वेळापत्रकानुसारचे अहवाल, पेरोलशी जोडणी आणि एपीआय टोकन (दुसऱ्या प्रणालीला लॉगिनशिवाय माहिती घेऊ देणारी किल्ली) यांची यादी काढावी. खाते बंद होताच पेरोलला जाणारा अहवाल काहीही न सांगता थांबू शकतो. उलट, टोकन रद्द केले नाही तर काही ठिकाणी ते लॉगिन गेल्यावरही चालत राहते.

६. त्या व्यक्तीच्या नोंदींची प्रत काढून मनुष्यबळ विभागाकडे ठेवावी आणि तिने मागितल्यास तिलाही द्यावी.

७. आता प्रवेश काढावा: सिंगल साइन-ऑनमधील खाते, सॉफ्टवेअरमधील खाते, मोबाइल ॲपमधील चालू सत्रे, टॅबलेटचा पिन, आणि हजेरी यंत्रावरील बोटांचा ठसा किंवा कार्ड. मोबाइल सत्राचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा; मुख्य खाते बंद झाले तरी फोनमध्ये आधीच उघडलेले ॲप काही काळ चालू राहू शकते, म्हणून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर काढा’ हा पर्याय वेगळा वापरावा. दोन यंत्रणांमध्ये वापरकर्त्यांची माहिती आपोआप जुळवली जात असेल, तर ते ठरावीक अंतराने होते, तत्क्षणी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

८. खाते निष्क्रिय करावे. डिलीट करू नये. डिलीट केल्यावर काही सॉफ्टवेअरमध्ये त्या माणसाचे तास प्रकल्पाच्या हिशेबातूनही नाहीसे होतात. शिवाय नोंदी किती काळ जपायच्या, हे कायद्याने ठरलेले असते आणि ती मुदत देशागणिक वेगळी असते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार पगाराच्या नोंदी किमान ३ वर्षे आणि ज्यांवरून पगार काढला जातो ती टाइमकार्डे किमान २ वर्षे ठेवावी लागतात. आपल्याला लागू असलेली मुदत विधी सल्लागाराकडून लेखी घ्यावी, आणि ती उलटल्यावर माहिती ठरवून पुसावी.

दक्षता: एखाद्याला तडकाफडकी काढले जात असेल, तर हा क्रम उलटा होतो. आधी सातवी पायरी करावी, मग उरलेले तास मंजुरीदाराने कारणासह भरावेत आणि त्यांची प्रत संबंधित व्यक्तीला पाठवून तिचे म्हणणे ठरावीक मुदतीत मागवावे. तिला आता आत येता येत नसल्यामुळे, तिच्या वतीने भरलेले तास तिला दाखवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

पडताळणी: दुसऱ्या दिवशी ऑडिट लॉग (कोणी केव्हा काय केले याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद) उघडून त्या खात्यावरून निष्क्रिय केल्यानंतर काही हालचाल झाली का, हे पाहावे. तोच ईमेल पत्ता नव्या माणसाला देऊ नये. दिला तर नवा माणूस जुन्याच्या नोंदींवर जाऊन बसतो. जुना माणूस परत रुजू झाला तर जुने खाते पुन्हा चालू करावे, पण त्यापूर्वी त्यावरील रोल काढून टाकावा, कारण खात्याबरोबर त्याचे पूर्वीचे अधिकारही परत येतात.

## टप्पा ९: दर तीन महिन्यांनी फेरतपासणी

सॉफ्टवेअरमधील सर्व सक्रिय खात्यांची यादी आणि त्या महिन्याची पगारयादी कर्मचारी क्रमांकावर जुळवावी. सॉफ्टवेअरमध्ये आहेत पण पगारयादीत नाहीत, अशी नावे प्रथम पाहावीत: गेलेली माणसे, विसरलेली चाचणी खाती आणि मुदत संपलेले सल्लागार यांत सापडतात. पगारयादीत आहेत पण सॉफ्टवेअरमध्ये नाहीत, त्यांचे तास कुठे नोंदले जात आहेत हे विचारावे.

त्यानंतर प्रत्येक मंजुरीदाराला त्याच्या टीमची यादी पाठवून प्रत्येक नावापुढे ‘ठेवावा’ किंवा ‘काढावा’ असे उत्तर मागवावे. ‘सर्व ठीक आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर स्वीकारू नये. ज्या ॲडमिन आणि मंजुरीदारांनी तिमाहीत एकदाही लॉगिन केलेले नाही, त्यांच्याकडे त्या अधिकाराची गरज उरली आहे का, याची चौकशी करावी. लॉक झालेल्या कालावधीत कोणी बदल केला, हे ऑडिट लॉगमधून काढावे आणि प्रत्येक बदलाचे कारण लेखी असावे.

## ‘मला आत जाता येत नाही’ अशी तक्रार आल्यास

तपासण्याचा क्रम असा ठेवावा: ती व्यक्ती योग्य पत्त्याने आत येत आहे का, खाते सक्रिय आहे की आमंत्रण अजून स्वीकारलेलेच नाही, एकाच व्यक्तीची दोन खाती झाली आहेत का, टीम नेमली आहे का, आणि शेवटी रोल. रिकामी स्क्रीन दिसते अशी तक्रार असेल तर रोलपेक्षा टीम नसण्याची शक्यता जास्त असते.

पगाराची घाई असताना अशा व्यक्तीला तेवढ्यापुरते ॲडमिन करून काम उरकण्याचा मोह होतो. तसे करू नये. तिचे तास मंजुरीदाराने तिच्या वतीने भरावेत आणि लॉगिनची दुरुस्ती सावकाश करावी. वाढीव रोल देण्यावाचून खरोखर गत्यंतरच नसेल, तर तो देतानाच काढून घेण्याची तारीख व वेळ लिहून ठेवावी, आणि ज्याने तो दिला त्याने नव्हे, तर दुसऱ्या ॲडमिनने त्या वेळी तो काढला गेल्याची खात्री करावी.